गंगाजळीचा आकडा आणि देण्याची तारीख

दर शुक्रवारी रिझर्व्ह बँक परकीय चलनाच्या गंगाजळीचा ताजा आकडा जाहीर करते आणि शनिवारी तो अर्थपानावर येतो. गंगाजळी अमुक अब्ज डॉलरने वाढली किंवा घटली, ती इतक्या महिन्यांच्या आयातीला पुरेल, जगात आपला क्रमांक अमुक. मग शेजाऱ्यांशी तुलना होते आणि तुलनेतून समाधान किंवा धास्ती, यांपैकी जे हवे ते काढता येते. हा आकडा खोटा नसतो. मात्र तो खात्याची एकच बाजू दाखवतो. दुसरी बाजू म्हणजे येत्या वर्षभरात देशाबाहेर किती परकीय चलन जायचे आहे, कोणाकडे जायचे आहे आणि ते जाण्याचा निर्णय कोणाच्या हातात आहे. बातमीत ती बाजू सहसा नसते.

ही दुसरी बाजू मोजायला लागले की माणसे पुन्हा एका आकड्यावर येऊन थांबतात. अल्पमुदतीची देणी भागिले गंगाजळी, एवढे गणित करायचे आणि ज्या देशाचे उत्तर मोठे तो अधिक धोक्यात, असे म्हणून मोकळे व्हायचे. माझे म्हणणे असे की दोन अर्थव्यवस्थांची तुलना करताना बाहेर जाणाऱ्या पैशाच्या रकमेइतकीच त्या देण्याची जात महत्त्वाची असते. काही देणी तारीख आणि रक्कम ठरवून लिहून दिलेली असतात. काही देणी धनकोच्या मर्जीवर असतात: त्याचा विश्वास असेल तर तो मुदत वाढवतो, नसेल तर उद्याच पैसे मागतो. या दोन जाती एकाच बेरजेत घातल्या की तुलना चुकते आणि तुलनेवर बेतलेला इलाजही चुकतो. १९९७ सालचे थायलंड आणि दक्षिण कोरिया हे याचे चांगले उदाहरण आहे.

आधी ते सोपे गुणोत्तर पाहू. १९९७ च्या जूनअखेरची परदेशी बँकांची येणी बाझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने नोंदवलेली आहेत. त्यानुसार दक्षिण कोरियाने परदेशी बँकांना वर्षभरात फेडायचे कर्ज सुमारे ७० अब्ज डॉलर होते आणि गंगाजळी ३४ अब्ज. थायलंडचे असे कर्ज साडेपंचेचाळीस अब्ज आणि गंगाजळी ३१ अब्जांच्या वर. म्हणजे कोरियाचे गुणोत्तर २.०६, थायलंडचे १.४५. इंडोनेशिया १.७० वर होता आणि मलेशिया ०.६१ वर. या कोष्टकाप्रमाणे पहिली पाळी कोरियाची, मग इंडोनेशियाची आणि त्यानंतर थायलंडची यायला हवी होती. प्रत्यक्षात २ जुलै १९९७ रोजी सर्वांत आधी थायलंडने हात टेकले आणि आपले चलन, बाथ, बाजारावर सोडून दिले. कोरियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे दार ठोठावले ते २१ नोव्हेंबरला, तब्बल साडेचार महिन्यांनी.

गुणोत्तरातला अंश बरोबर होता, पण छेदातले ३१ अब्ज प्रत्यक्षात शिल्लक नव्हते. ते कुठे गेले हे समजून घ्यायचे तर बँक ऑफ थायलंडने त्या वसंतात काय केले ते जवळून पाहावे लागते.

बाथचा दर वर्षानुवर्षे डॉलरला २५ च्या आसपास बांधलेला होता. १९९३ मध्ये बँकॉक इंटरनॅशनल बँकिंग फॅसिलिटी सुरू झाली. परदेशातून पैसा घेऊन परदेशातच कर्जे द्यावीत हा तिचा एक उद्देश होता, पण पैसा मोठ्या प्रमाणात थायलंडमध्येच आला. डॉलर स्वस्त व्याजाने मिळत होते, बाथचे कर्ज महाग होते आणि दर बांधलेला असल्यामुळे विनिमयाचा धोका कोणी हिशेबातच धरत नव्हते. पैसा इमारतींत, जमिनींत आणि फायनान्स कंपन्यांत जिरला. १९९५ आणि १९९६ या दोन्ही वर्षी चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या घरात गेली. हा दर टिकणार नाही, असा अंदाज बांधून परदेशी फंडांनी बाथवर हल्ले सुरू केले. त्यांतला मे १९९७ चा हल्ला सर्वांत मोठा होता.

हल्ल्याची रीत साधी असते. बाथ उसने घ्यायचे, विकून डॉलर घ्यायचे आणि बाथ कोसळला की स्वस्तात परत घेऊन उसने फेडायचे. दर टिकवायचा असेल तर मध्यवर्ती बँकेला समोरून डॉलर विकावे लागतात. मग दोन अडचणी उभ्या राहतात. गंगाजळी सर्वांच्या डोळ्यांदेखत घटते. शिवाय डॉलरच्या बदल्यात बाथ मध्यवर्ती बँकेकडे जमा झाल्याने देशातल्या बाजारात पैशाची चणचण भासते, व्याजदर चढतात आणि आधीच डळमळलेल्या फायनान्स कंपन्या आणखी खचतात. बँक ऑफ थायलंडने दोन्ही अडचणींवर एकच तोड काढली, ती म्हणजे स्वॅप. आज बाथ देऊन बाजारातून डॉलर घ्यायचे आणि त्याच वेळी, काही महिन्यांनी ठरलेल्या तारखेला ठरलेल्या दराने तेवढेच डॉलर परत देण्याचा वायदा लिहून द्यायचा. विकलेले डॉलर असे परत आले, बाजारात बाथही परत गेले. गंगाजळीचा आकडा शाबूत राहिला. वायदा मात्र ताळेबंदाच्या बाहेर राहिला, कारण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याची जागाच तिथे नव्हती.

जूनअखेर थायलंडची जाहीर गंगाजळी ३२ अब्ज डॉलरच्या वर होती. लिहून दिलेले वायदे वजा केले तर हाती उरत होते ३ अब्जांपेक्षाही कमी. ऑगस्टमध्ये नाणेनिधीची मदत मंजूर झाली तेव्हा वायद्यांचा आकडा जाहीर करावा लागला. त्या वेळीही २३.४ अब्ज डॉलरची देणी बाकी होती. आता ते गुणोत्तर पुन्हा मांडा. साडेपंचेचाळीस अब्ज कर्ज आणि हाती जेमतेम ३ अब्ज, म्हणजे उत्तर १.४५ ऐवजी १५ च्या वर जाते. कोष्टकात तिसऱ्या क्रमांकावर दिसणारा देश खरे तर कोष्टकाबाहेर पडला होता.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्य वाटावे अशी मांडणीही केली जाते. मध्यवर्ती बँक लढाईत असताना आपल्या कोठारात किती दारूगोळा उरला हे तिने शत्रूला का सांगावे? गुप्तता हेच तिचे शस्त्र नव्हे काय? पण वायदा नेहमी दोघांत होतो. दर वायद्याच्या दुसऱ्या टोकाला परदेशी बँका आणि फंड होते. आपापल्या हातातला कागद प्रत्येकाला ठाऊक होता आणि बाजारात एकूण रक्कम किती असावी याचा अंदाज बांधणे या मंडळींना अवघड नव्हते. अंधारात होते ते थाई करदाते, डॉलरचे कर्ज काढून बसलेले थाई उद्योजक आणि बाथमध्ये बचत ठेवणारी सामान्य माणसे. पंतप्रधान चवलित योंगचैयुध यांनी ३० जूनला अवमूल्यन होणार नाही, असे जाहीर सांगितले आणि दोनच दिवसांत बाथ सुटला. १९९८ च्या जानेवारीत डॉलरला ५५ हून अधिक बाथ पडू लागले. ज्यांनी सरकारच्या शब्दावर भरवसा ठेवला तेच बुडाले. गुप्ततेने शत्रूला फसवले नाही. ज्यांचा बचाव करायचा त्यांना फसवले.

आता कोरियाकडे वळू. कोरियाचे दुखणे वेगळ्या जातीचे होते. १९९७ मध्ये चालू खात्यावरील तूट आदल्या वर्षापेक्षा कमी होत होती, सरकारी अर्थसंकल्प नीट होता, निर्यात करणारे कारखाने धडधडत होते. घोटाळा बँकांच्या खात्यात होता. परकीय कर्जाचे नियम सैल करताना कोरियाने दीर्घ मुदतीच्या कर्जावर निर्बंध ठेवले आणि अल्पमुदतीच्या कर्जाची वाट मोकळी सोडली. वरवर पाहता ही सावधगिरी वाटते. प्रत्यक्षात धोका याच वाटेने शिरला. १९९४ ते १९९६ या काळात २४ नव्या मर्चंट बँकांना परवाने मिळाले आणि अशा बँकांची संख्या ३० वर गेली. तीन-सहा महिन्यांच्या मुदतीने डॉलर उचलायचे आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या पोलाद-मोटारींच्या प्रकल्पांना द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. दर तीन महिन्यांनी परदेशी बँक मुदत वाढवून देई, त्यामुळे तो सुरळीत चालला. जानेवारीत हानबो पोलाद समूह बुडाला, जुलैत किया मोटार कंपनी अडचणीत आली. ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगचा शेअरबाजार कोसळला आणि परदेशी बँकांनी मुदतवाढीला नकार द्यायला सुरुवात केली. डिसेंबरपर्यंत मुदत संपणाऱ्या कर्जांपैकी जेमतेम तिसरा हिस्साच पुढे ढकलला जात होता.

बँक ऑफ कोरियानेही छेदाशी खेळ केला, पण निराळ्या प्रकारे. कोरियन बँकांच्या परदेशातील शाखांना देणी भागवता यावीत म्हणून तिने आपल्या गंगाजळीतले डॉलर त्या शाखांमध्ये ठेवी म्हणून ठेवले. ठेव आपलीच असल्याने ती गंगाजळीत मोजली जात राहिली, पण शाखांनी ते डॉलर कर्जफेडीला वापरले होते. परत मागितले तर शाखाच बंद पडणार. नोव्हेंबरअखेर जाहीर गंगाजळी २४ अब्ज डॉलरच्या वर होती आणि त्यांपैकी वापरता येण्याजोगे होते ७.३ अब्ज. किराणा दुकानदाराने गल्ल्यातली रोकड मोजताना भावाला दिलेली उधारीही त्यात धरावी, तसा हा हिशेब.

३ डिसेंबरला नाणेनिधीशी करार झाला. निधी, जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि श्रीमंत देश मिळून ५५ अब्ज डॉलरहून मोठी मदत जाहीर झाली. त्या काळपर्यंत एवढे मोठे अर्थसाहाय्य कोणत्याच देशाला मिळालेले नव्हते. तरीही पंधरा दिवसांत, १८ डिसेंबरला, म्हणजे किम दे-जुंग राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले त्याच दिवशी, वापरण्याजोगी गंगाजळी ३.९ अब्जांवर आली. नाताळच्या तोंडावर डॉलरचा भाव १,९५० वॉनच्या पुढे गेला. वर्षाच्या मध्याला तो ९०० च्या आतबाहेर होता. एका दाराने निधीचे डॉलर आत येत होते आणि दुसऱ्या दाराने परदेशी बँका ते घेऊन बाहेर पडत होत्या. प्रत्येक बँक आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होती. बाकीचे पळत असतील तर आपणही पळावे, कारण शेवटी उरेल त्याला काही मिळणार नाही. सगळ्यांचे शहाणपण मिळून एक मोठा मूर्खपणा होत होता. कोरियाची फेडण्याची कुवत संपलेली नव्हती. एकाच महिन्यात सगळे फेडण्याची कुवत कोणत्याच देशाकडे नसते.

तोडगा निघाला तो पैशाची रक्कम वाढवून नव्हे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने मोठ्या अमेरिकन बँकांना एकत्र बसवले. इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांनीही आपापल्या बँकांची समजूत घातली. सगळे थांबणार असतील तर आम्हीही थांबतो, अशी कबुली प्रत्येकाकडून घेतली गेली. जानेवारी १९९८ च्या अखेरीस करार झाला आणि पुढे २० अब्ज डॉलरहून अधिक अल्पमुदतीचे बँककर्ज कोरियन सरकारच्या हमीवर एक ते तीन वर्षांच्या मुदतीचे करून घेण्यात आले. वर्षअखेरीस वापरण्याजोगी गंगाजळी ४८ अब्जांच्या वर गेली. ऑगस्ट २००१ मध्ये कोरियाने नाणेनिधीचे कर्ज मुदतीआधी फेडून टाकले.

याच महिन्यांतली दुसरी एक गोष्ट जगाच्या अधिक लक्षात राहिली आहे. कोरियन माणसांनी घरचे सोने देशासाठी दिले. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या, खेळाडूंची पदके. सुमारे ३५ लाख लोकांनी २२७ टनांच्या आसपास सोने जमवले आणि त्याचे २ अब्ज डॉलरहून थोडे अधिक आले. त्या एकजुटीचे मोल पैशात करू नये हे खरेच. पण हिशेब हिशेबाच्या जागी ठेवायला हवा. एका करारावरच्या सह्यांनी याच्या दसपट ओझे पुढे ढकलले. देणे धनकोच्या मर्जीवरचे होते, म्हणून मर्जी सांभाळल्यावर ते थांबले.

हा इलाज थायलंडला लागू पडला असता काय? थोड्याफार प्रमाणात. थायलंडवरही बँकांची अल्पमुदतीची कर्जे होतीच आणि ती थोपवण्याचा उपयोग झाला असता. पण गंगाजळी रिकामी करणारे वायदे त्या जातीचे नव्हते. ते विश्वासावर उभे राहिलेले कर्ज नव्हते, हरलेली पैज होती. पैज जिंकलेल्याला थांबायला कोण सांगणार? थाई गंगाजळीचा मोठा भाग मेमध्येच गेला होता. फक्त तो हातातून सुटण्याची तारीख यायची होती. तिथे उरलेला प्रश्न एकच होता: झालेला तोटा कधी कबूल करायचा. जितका उशीर तितका तोटा मोठा. म्हणजे एका देशाला लवकर कबुली देण्याची गरज होती आणि दुसऱ्याला धनकोंना थोपवून धरण्याची. वरच्या गुणोत्तरात हा फरक कुठेच दिसत नाही. तिथे दोघेही एकच्या वर आहेत, एवढेच कळते.

गुणोत्तराच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, हे मान्य करायला हवे. ज्या तिघांचे उत्तर एकच्या वर होते त्या तिघांनाही, म्हणजे कोरिया, इंडोनेशिया आणि थायलंड यांना, त्या वर्षी नाणेनिधीकडे जावे लागले. मलेशियाला धक्का बसला, पण त्याने निधीकडे न जाता वाट काढली. १९९९ मध्ये अर्जेंटिनाचे पाब्लो ग्विदोत्ती यांनी वर्षभरातील परकीय देणी भागतील एवढी गंगाजळी देशाकडे असावी असा ठोकताळा सुचवला आणि अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांनी तो उचलून धरला. आयातीचे महिने मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरे. धोक्याच्या रांगेत कोण उभे आहे हे त्यातून कळते. रांगेतला प्रत्येक जण कशाने आजारी आहे ते मात्र कळत नाही, आणि अंश-छेद दोन्ही तपासले नाहीत तर रांगेतला क्रमही भरवशाचा राहत नाही.

अंश तपासणे हेही दिसते तितके सोपे नाही. दहा वर्षांपूर्वी काढलेले, पण येत्या मार्चमध्ये फेडायचे कर्ज अल्पमुदतीचे की दीर्घमुदतीचे? मूळ मुदत धरली तर दीर्घ, उरलेली मुदत धरली तर अल्प. गंगाजळीतून मात्र ते मार्चमध्येच जाणार. कोरियन बँकेच्या लंडन शाखेने काढलेले कर्ज कोरियाचे की ब्रिटनचे? शाखा जिथे आहे त्या देशाच्या नावावर ते मांडण्याची पद्धत होती, पण संकटात त्याचा भार सोलवर पडला. या अनुभवातून शिकून नाणेनिधीने मार्च १९९९ मध्ये सदस्य देशांसाठी गंगाजळीचा नवा नमुना ठरवला. त्यात मालमत्तेबरोबर ठरलेली देणी आणि संभाव्य देणी अशी दोन वेगळी कोष्टके आहेत. प्रत्येकात महिनाभराच्या आत, एक ते तीन महिने आणि तीन महिने ते एक वर्ष असे मुदतीचे रकाने आहेत. वायदे आणि स्वॅप त्यात लपत नाहीत; देशी बँकांच्या परदेशी शाखांत ठेवलेला पैसा वेगळा दाखवावा लागतो. थायलंड आणि कोरिया या दोघांनी भोगलेले, या नमुन्याच्या ओळीओळीत उतरले आहे.

भारताला हे सगळे दुरून पाहण्याची चैन नव्हती. १९९१ च्या मार्चमध्ये आपले अल्पमुदतीचे कर्ज गंगाजळीच्या १४६ टक्के होते, जवळजवळ थायलंडच्या १९९७ मधल्या आकड्याइतके. त्यातच अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली होती आणि परदेशी बँका मुदत वाढवायला तयार नव्हत्या. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले. त्यानंतर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये अल्पमुदतीच्या कर्जावर कडक मर्यादा घालण्याची शिफारस केली आणि ती बऱ्याच अंशी पाळली गेली. १९९७ च्या मार्चमध्ये हेच प्रमाण पाव हिस्स्याच्या आसपास उतरले होते. आशियाई वादळ आपल्या अंगणातून गेले तेव्हा घराचे छप्पर टिकले त्याचे मोठे कारण हे आहे. योगायोग असा की भांडवली खात्यावर रुपया पूर्ण परिवर्तनीय करण्याचा तीन वर्षांचा कार्यक्रम सुचवणारा तारापोर समितीचा अहवाल बाथ सुटण्याच्या महिनाभर आधी सादर झाला होता. पुढे तो कार्यक्रम मागे पडला.

अलीकडचे आकडेही याच चष्म्यातून पाहावेत. मार्च २०२५ अखेर भारताचे अल्पमुदतीचे कर्ज मूळ मुदतीप्रमाणे गंगाजळीच्या २० टक्क्यांच्या आसपास होते. उरलेल्या मुदतीप्रमाणे तेच ४५ टक्क्यांच्या घरात जाते. दोन्ही आकडे अधिकृत, दोन्ही खरे, आणि दुसऱ्या देशाशी तुलना करताना त्यांतला सोयीचा उचलता येतो. त्या ४५ टक्क्यांतही अनिवासी भारतीयांच्या मुदत संपणाऱ्या ठेवी आहेत, ज्यांपैकी बऱ्याच पुन्हा ठेवल्या जातात. हे मर्जीवरचे देणे. आखाती देशांत आणि अमेरिकेत राहणाऱ्या, इथे पैसे ठेवणाऱ्या लाखो कुटुंबांचा भरवसा हाच त्याचा आधार आहे, आणि १९९१ मध्ये तो एकदा डळमळला होता.

ठरलेल्या देण्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. फेब्रुवारी २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेने डॉलर विकण्याचे लिहून दिलेले निव्वळ वायदे ८८ अब्ज डॉलरच्या वर पोचले होते. रुपया सावरताना आणि बँकांना रुपयांची रोकड पुरवताना तिने वापरलेल्या हत्यारांत आज डॉलर घेऊन पुढे परत देण्याचा स्वॅप होता, म्हणजे बँक ऑफ थायलंडने वापरला तोच. मग घाबरायचे का? फरक तीन आहेत. थायलंडचे वायदे गंगाजळीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास होते, आपले सुमारे १४ टक्के. बाथचा दर बांधलेला होता, रुपयाला खाली सरकायला मोकळीक आहे. आणि रिझर्व्ह बँक हे वायदे दर महिन्याला, मुदतीप्रमाणे, स्वतःहून प्रसिद्ध करते. शेवटचा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पहिले दोन बदलू शकतात आणि बदलले तर ते कळण्याचा मार्ग हाच आहे. तारीख आधी ठाऊक असलेले मोठे देणेही मुकाट्याने निघून जाते. २०१३ मध्ये अनिवासी ठेवींवर दिलेल्या सवलतीतून आलेले सुमारे २६ अब्ज डॉलर २०१६ च्या अखेरीस परत द्यायचे होते. रिझर्व्ह बँकेने त्याची तजवीज आधीच करून ठेवली आणि ते देणे फारसा गाजावाजा न होता भागले.

म्हणून शुक्रवारच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे छापले जावेत असे वाटते: तीन महिन्यांत ठरलेले देणे किती, वर्षभरात मुदत संपणारे पण पुढे ढकलले जाण्याची शक्यता असलेले देणे किती आणि वायद्यांची बाकी किती. ही माहिती प्रसिद्ध होतेच, थोडी उशिरा आणि तांत्रिक कोष्टकांत. दुसऱ्या देशाशी तुलना करताना हेच तीन आकडे त्याच्याही नावावर मांडावेत. पहिला आणि तिसरा आकडा मोठा असेल तर तिथल्या सरकारला विचारावे की तोटा कबूल करायला ते किती दिवस लावणार आहे. दुसरा मोठा असेल तर विचारावे की त्याचे धनको कोण आहेत आणि अडचण आली तर त्यांना एका टेबलाशी कोण बसवणार आहे. या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत तो देश कमी गंगाजळीतही निभावून नेतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला ३२ अब्ज डॉलरही पुरत नाहीत, हे १९९७ च्या जूनमध्ये बँकॉकला कळले होते. तिथल्या नागरिकांना ते ऑगस्टमध्ये कळले, आणि त्या दोन महिन्यांची किंमत त्यांनीच मोजली.